न धुतलेला पंप

आमच्या अंगणातली डेझी मी मारली. थंडीनं ती मेली नाही, रोगानं मेली नाही आणि माझ्या सुनेच्या हातानं तर मुळीच मेली नाही. तणनाशकाचा पंप न धुता मी त्यातून फवारणी केली आणि फुलांनी भरायला आलेला वाफा जाळून टाकला. घडलं ते पौषात. सांगायला मला अश्विन उजाडला. मधल्या काळात माझ्या घरातल्या एका मुलीनं माझा दोष स्वतःचा मानला आणि मी तो तिला मानू दिला. पंपाची चूक कुणाच्याही हातून होते. त्यानंतर गप्प राहण्याविषयी मला तसं म्हणता येत नाही, म्हणून जे झालं ते क्रमानं लिहितो.

आम्ही सास्तूरला राहतो. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी शेत बघतो. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं तेव्हा घरं सरळ ओळीत बांधली गेली आणि प्रत्येक घरापुढं बऱ्यापैकी मोकळी जागा राहिली. पुढं त्या जागेत कुणी गोठा केला, कुणी पत्र्याची खोली काढली, कुणी ट्रॅक्टर लावायला शेड मारलं. आमच्या आईनं तिथं काही होऊ दिलं नाही. तुळससुद्धा तिनं अगदी कडेला, कुंपणाला चिकटून ठेवली. "घरातून भाईर पळायला जागा लागती," एवढंच ती म्हणायची. खोली काढायचा विषय मी दोन-तीनदा काढला आणि दर वेळी हेच ऐकून गप्प बसलो. इतकी वर्षं ते अंगण रोज झाडलं जायचं आणि रिकामं राहायचं.

त्या अंगणात वाफा करायची परवानगी माझ्या सुनेनं मिळवली, तीही लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात.

तिचं माहेर धाराशिवचं. वडील कचेरीत नोकरीला, राहायला सरकारी क्वार्टर. तिथं तिची आई तेलाच्या रिकाम्या डब्यांत दर हिवाळ्याला डेझी लावायची. लग्नात तिच्या पेटीत साड्यांच्या घडीत एक कागदाची पुडी आली, तिच्यात हे बी होतं. माझा मुलगा सोलापूरला नोकरी करतो, शनिवारी घरी येतो. तिकडं खोली मिळेपर्यंत सून आमच्याकडं राहणार होती. आठवडाभर घरात आम्ही चौघं: मी, माझी बायको, आई आणि ती.

एका सकाळी आई दारात गहू निवडत बसली होती. सून तिच्यापुढं येऊन उकिडवी बसली.

"आजी, या कोपऱ्यात एक वाफा करू का?"

"कशाचा? मेथीचा?"

"फुलांचा. डेझी म्हणतात त्याला. पांढरी असतात, मधी पिवळा डोळा."

"वास येतो का?"

"नाही."

"गजरा व्हतो?"

"गजऱ्यात टिकत नाहीत ती."

"मग गं काय करायचं त्याचं?"

"बघायचं," ती म्हणाली.

आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता पळायच्या जागेचं ऐकवणार. पण ती हसायला लागली. "बघायची फुलं! आमच्या टायमाला असलं कुणी लावलं नसतं बाई. बरं, लाव. पर दारासमोरची वाट सोड. पळायची येळ आली तर तुझ्या फुलात पाय गुतून पडन म्या."

"मी उचलून नेईन तुम्हाला."

"तू? तुलाच उचलायला दुसरं कुणीतरी लागंल!"

इतकी वर्षं मला जे जमलं नव्हतं ते तिनं असं सहज करून टाकलं. आईनं त्या दिवशी किती मोठी गोष्ट दिली हे सुनेला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि या रोपांच्या मुळांना तेवढा ओलावा सोसत नाही. गल्लीच्या तोंडाला रस्त्याच्या कामाचा मुरूम पडला होता, तो तिनं घमेल्यानं वाहून आणला. मी शेणखत आणि ओढ्याची वाळू आणून दिली. सगळं कालवून तिनं पूर्वेच्या कुंपणालगत जमिनीपासून वीतभर उंच वाफा केला. बी आधी आंब्याच्या लाकडी पेटीत टाकलं. ते इतकं बारीक की नुसतं टाकलं तर एका जागी पडतं, म्हणून राखेत मिसळून पेरलं आणि वरून फक्त तळहातानं दाबलं. पेटीवर ओलं गोणपाट. तांब्यानं पाणी घातलं तर बी वाहून जातं, तेव्हा ती कडुलिंबाची डहाळी पाण्यात बुडवून पेटीवर झटकायची. आठवड्याभरात राखेतून हिरवे ठिपके वर आले.

रोपं चार पानांची झाली तेव्हा तिनं ती ऊन उतरल्यावर वाफ्यात लावली. दुपारी लावली की मान टाकतात, असं म्हणाली. मुळाशी सोयाबीनचा भुसा पसरला. कोंबड्या येऊ नयेत म्हणून मी भोवती तुराट्यांचं बुटकं कुंपण केलं. पाणी रोज सकाळीच, तेही मुळाशी. संध्याकाळी पानांवर पाणी राहिलं की थंडीत पानं काळी पडतात, हेही तिच्याकडून कळलं.

दिवाळीनंतर रोपं वितीएवढी झाली आणि ती एका सकाळी त्यांचे शेंडे खुडायला बसली. आई धावत बाहेर आली.

"आगं, मुंडकी कशाला मोडतीस? येड लागलं का?"

"शेंडा खुडला की खालून फुटवे येतात, आजी. तुम्ही हरभऱ्याचे शेंडे खुडता ना भाजीला? मग तो कसा दाट होतो?"

"व्हय की," आई म्हणाली आणि तिच्याशेजारी खाली बसली. मग दोघींनी मिळून सगळा वाफा खुडला. तेव्हापासून आई त्या फुलांना इंग्रजी हरभरा म्हणायला लागली. समोरची शेजारीण पाणी भरायला आली की आईला चिडवायची, "काय मावशे, सून आणली का नर्सरी?" आणि आई म्हणायची, "तुज्या सुनंला एक रोप लावून दाखव म्हणावं, मग बोल."

मार्गशीर्षात थंडी वाढली. तिन्हीसांजेला सून वाफ्यावर काठ्या रोवून आईचं जुनं सुती लुगडं पांघरायची आणि सकाळी ऊन आलं की काढायची. लुगडं काढलं की पानांवरचं दव चमकायचं. मी चहाचा कप घेऊन तिथं उभा राहायचो. शाळेच्या गडबडीत माझी सकाळ कशी जायची हे मला आयुष्यभर कळलं नव्हतं. त्या हिवाळ्यात सकाळ रोज थोडा वेळ थांबायची. कळी कुठून निघते, किती दिवस मिटून राहते, उन्हाकडं कशी वळते, हे मी पुस्तकातून शिकवलं होतं. बघितलं पहिल्यांदाच.

पहिली फुलं आली ती येळवसेच्या सुमारास. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी सारं गाव शेतात जातं, कडब्याची कोप करून आत पाच दगडांचे पांडव मांडतात आणि आल्यागेल्याला भज्जी नि आंबील वाढतात. सुनेनं उमललेली तेवढी फुलं तोडून नेली आणि आईनं ती पांडवांपुढं ठेवली. जेवायला आलेल्या प्रत्येकाला आई कोपीत वाकून बघायला लावत होती. "आमच्या सुनंनं लावल्यात. अंगणात हायती आजून, घरी या बघाया." अंगणात या म्हणताना मी आईला पहिल्यांदाच ऐकत होतो.

संक्रांतीला वाफा कळ्यांनी भरला. सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं झालं. त्यानंतर ती चार दिवस माहेरी जायची होती. मध्येच आभाळ आलं आणि तसल्या ढगाळ हवेत जसा हरभऱ्या-ज्वारीवर मावा पडतो तसा डेझीच्या कळ्यांखालीही दिसायला लागला. एसटीची वेळ झाली तरी ती वाफ्यात वाकून वाळकी फुलं खुडत होती.

"मामा," ती मला म्हणाली, "मावा आलाय, पण तुम्ही काही फवारू नका. मी आल्यावर साबणाच्या पाण्यानं पुसून काढते. फक्त सकाळी मुळाशी पाणी घाला."

"बरं," मी म्हणालो.

त्या सकाळी तिची पाळी आली होती. आमच्या घरात बाहेर बसवत नाहीत, पण त्या दिवसांत तुळस, देव्हारा आणि लोणच्याची बरणी यांना हात लावायचा नाही एवढं आई पाळायला लावते. आईनं तिला वाफ्यात हात घालताना दारातून बघितलं. काही बोलली नाही. मुलगी माहेरी निघाली होती, तिला कशाला बोलायचं, असं तिला वाटलं असेल.

मी पाणी घालत राहिलो आणि मावा वाढत राहिला. दोन दिवसांनी मला राहवलं नाही. ती यायच्या आत वाफा स्वच्छ झालेला असावा आणि तिनं "मामा, हे तुम्ही केलं?" असं विचारावं, एवढी हाव मला सुटली. निंबोळी अर्क घरात होता. त्यानं नुकसान होत नाही. आई आणि बायको शेजारी गेल्या होत्या. मी पडवीतला पाठीवरचा पंप काढला, पाणी भरलं, अर्क ओतला.

आधीच्या रविवारी त्याच पंपानं मी उसात रुंद पानाचं तण मारायचं औषध फवारलं होतं. ते औषध गवताच्या जातीला काही करत नाही. ऊस त्याच जातीचा, म्हणून तो वाचतो आणि मधलं बाकीचं मरतं. फवारणी संपली तेव्हा बोअरची लाईट गेली होती. पंप उपडा करून मी गाडीला बांधला, घरी गेल्यावर धुऊ म्हणून. घरी पाहुणे होते, मग राहिलंच. तसला पंप सोड्याच्या पाण्यानं दोन-तीनदा धुवावा लागतो हे आमच्याकडं शेतात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मीही ते चार जणांना सांगितलेलं आहे.

आणि मला वास आला होता. हे मी पुढं कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. अर्क ओतण्याआधी झाकण उघडलं तेव्हा त्या औषधाचा उग्र वास नाकात गेला. मी थबकलो. एक-दोन थेंबांनी काय होतंय, निंबोळीलाही वास असतोच, असं स्वतःला सांगितलं आणि पंप पाठीला लावला. कळी न कळी भिजेल असं फवारलं.

दुसऱ्या दिवशी देठ वाकले. तिसऱ्या दिवशी पानं कडेनं वळून वाटीसारखी झाली, कळ्या उलट्या दिशेला पिळवटल्या. पाण्याचा ताण पडलेलं रोप मान टाकतं. ही मान टाकलेली नव्हती, कुणीतरी मुरगळल्यासारखी होती. वाफ्याच्या कडेला थोडी हरळी, म्हणजे गवतच, उगवली होती. ती तेवढी ताजी, हिरवीगार. ती हरळी बघितली आणि मला कळलं. पडवीत जाऊन मी पंपाचं झाकण उघडलं. वास तोच.

ती आली तेव्हा वाफा पिवळा पडायला लागला होता. पिशवी हातातच, ती तुराट्यांच्या कुंपणापाशी उभी राहिली. मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. आत्ता सांगायचं, असं ठरवून मी वर्तमानपत्र घडी करायला घेतलं, तेवढ्यात आई बाहेर आली.

"बघ," आई म्हणाली. "म्या बघितलं हुतं त्या दिशी. चौथा दिवस व्हायच्या आत वाफ्यात हात घातलास तू. फुलझाडाला न्हाय सोसत ते."

"आजी, मी नुसती वाळलेली फुलं काढली."

"हात लावलास का न्हाय?"

"लावला."

"मग झालं की. तुझ्या माहेरी चालत आसंल, हितं न्हाय चालत."

आई ओरडली नाही. तिचा आवाज चिडका नव्हता, दुखावलेला होता. पळायची वाट मोकळी ठेवून बसलेल्या बाईनं त्या अंगणात फुलं येऊ दिली होती, चार लोकांना दाखवली होती, आणि ती अशी मेली. तिलाही काहीतरी कारण हवं होतं. ते तिच्या हाताशी होतं.

सुनेनं माझ्याकडं बघितलं. आजीला उत्तर द्यायचं तिला जमणारं नव्हतं. पण घरात विज्ञानाचा मास्तर होता. नववीच्या वर्गात पाळीचा धडा शिकवताना मुली माना खाली घालतात आणि मी त्यांना सांगतो, यात विटाळ काही नसतो, हे शरीराचं काम आहे. तेवढं एक वाक्य मी ओसरीवर बसून म्हणायचं होतं. त्याच्या पुढचं आणखी एक.

मी म्हणालो, "जाऊ दे. थंडी जास्त झाली आसंल."

आई आत गेली. सून पिशवी घेऊन तिच्यामागं गेली. संध्याकाळी दोघी देवळात गेल्या तेव्हा मी पंप मागच्या न्हाणीत नेऊन सोड्यानं तीनदा धुतला आणि कोरडा करून खुंटीला टांगला. त्या वेळी माझे हात चोराचे होते.

थोड्या दिवसांनी आईनं मेलेली रोपं उपटायला लावली, माती सारखी करून घेतली आणि अंगण पुन्हा पहिल्यासारखं रिकामं झालं. शेजारणीनं विचारलं, "काय मावशे, कुठं गेली नर्सरी?" आई म्हणाली, "न्हाय सोसली." आणि ती आत गेली. पण गल्लीत गोष्ट जशी पोचायची तशी पोचली.

यानंतर एकदा सूनच माझ्याकडं आली होती. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. चहा ठेवून ती दाराशी रेंगाळली.

"मामा, एक विचारू? खरंच असं होतं का?"

"काय?"

"हात लावल्यानं. तुम्ही शाळेत शिकवता ना, म्हणून विचारते. आमच्या घरी आई तसल्या दिवसांतपण डब्यांना पाणी घालायची. कधी काही झालं नाही."

मी पेन खाली ठेवला नाही. "विज्ञानात तसं काही नाही," म्हणालो. "पण आजीचं वय झालंय. तिचं मन कशाला मोडायचं?"

"मग डेझी कशानं मेली?"

"कशानंही मरतं. झाडच ते."

ती "हं" म्हणाली आणि गेली. मी त्या दिवशी तिला अर्धं खरं दिलं आणि त्या अर्ध्यानं तिचं काहीच भलं झालं नाही. पूर्ण खोटं बोललो असतो तर निदान तिला मास्तर खोटारडा आहे हे कधीतरी कळलं असतं. मी शहाण्या माणसाच्या आवाजात बोललो. पाळीनं झाड मरत नाही, आणि झाड का मेलं ते कुणालाच माहीत नाही. मग उरलं कोण? तिचे हात.

ते तिनं किती मनाला लावून घेतलं हे मला हळूहळू दिसत गेलं. उन्हाळ्यात लोणचं घालताना माझ्या बायकोनं तिला फोडी कालवायला बोलावलं. ती म्हणाली, "आत्या, तुम्हीच कालवा. माझा हात नको." तेव्हा तिला पाळी नव्हती. बायको म्हणाली, "असं काय करतीस, ये की." ती आली नाही, ताट धुवायला लागली. तुळशीला पाणी घालायचं तिनं आपणहून सोडलं. मुलगा शनिवारी आला की ती हसून-बोलून राहायची. त्यानं डेझीचं विचारलं तेव्हा म्हणाली, "इकडची हवा नाही मानवली." नंतर शेजारणीच्या घरी बारसं होतं. सगळ्या बाळाला घेत होत्या, ती भिंतीपाशी बसून राहिली, असं बायकोनं मला सांगितलं. "पोरीच्या मनात काय शिरलंय कुणास ठाऊक," बायको म्हणाली. मला ठाऊक होतं. मी कूस बदलून झोपलो.

सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं. एकदा तिला एकटीला गाठून सांगू, असं वाटलं. पण एकटीला सांगून आईसमोर, गल्लीसमोर तिची सुटका होणार नव्हती. आईला सांगू, तर आई विचारणार, मग तेव्हा का बोलला नाहीस? शिवाय सासऱ्यानं सुनेपुढं चूक कबूल करायची आमच्याकडं पद्धत नाही. वडील माणसाचं चुकतं, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. त्या पद्धतीच्या आड मी बरा लपलो.

श्रावणात कामानं धाराशिवला गेलो तेव्हा तिथल्या एका नर्सरीतून शेवंतीची रोपं घेऊन आलो. तिच्यापुढं पिशवी ठेवली. "लाव हवं तर," म्हणालो. ती रोपांकडं बघत राहिली. "छान आहेत, मामा," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती समोरच्या शेजारणीच्या दारात डब्यांत लावलेली दिसली. मी विचारलं. "त्यांच्याकडं जगतील," ती म्हणाली. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

मग नवरात्र आलं. गावातली पोरं अनवाणी तुळजापूरला निघायच्या तयारीत होती, घरोघर धुणी-भांडी चालली होती. आमच्याकडं घट बसवायचा तो घरातल्या सर्वांत नव्या सुनेनं. पत्रावळीवर शेतातली माती पसरायची, मध्ये पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा आणि भोवती धान्य पेरायचं. नऊ दिवसांत उगवतं ते कसं आहे यावरून घरातलं बरंवाईट बघतात. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात तिनंच पेरलं होतं आणि ते दाट आलं होतं.

या खेपेला सकाळी सगळे देव्हाऱ्यापुढं जमलो. माती मी शेतातून आणली होती. सुनेनं पत्रावळ मांडली, माती चाळून पसरली, घट हळद-कुंकवाची बोटं ओढायला आईपुढं ठेवला. मग धान्याचं ताट आईच्या हातात दिलं आणि ती मागं सरकली. आईनं ताट माझ्या बायकोपुढं केलं.

"यंदा तू पेर," आई म्हणाली. "हिचा हात नको."

"मी म्हणणारच होते, आजी," सून म्हणाली. "आत्याच पेरू दे. माझ्या हातानं नाही उगवलं तर उगी सगळ्यांना घोर."

ती हे इतक्या साधेपणानं बोलली, जसं कुणी डाळीत मीठ कमी आहे असं सांगावं. तिच्या आवाजात रडू नव्हतं. तिनं ते कधीच मान्य करून टाकलं होतं. तिला पुढं या घरात संसार करायचा होता, लेकरं वाढवायची होती, आणि ती आपले हात असे मागं घेऊन उभी होती.

बायकोनं ताटात हात घातला. मी म्हणालो, "थांब."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"आई, डेझी मी मारली."

"काय मारलं?"

"अंगणातली फुलं. ही माहेरी होती तेव्हा मी मावा मारायला पंप घेतला. पंप धुतला नव्हता. त्यात उसातलं तणाचं औषध होतं. त्यानं वाफा गेला. हिच्या हातानं काही झालं नाही."

बायकोनं ताटातला हात बाहेर काढला. आईनं ताट खाली ठेवलं. मग तिनं नेमकं तेच विचारलं ज्याची मला भीती होती.

"कवा कळलं तुला?"

"ही यायच्या आदीच."

"आन् म्या हिला बोलले तवा तू ओसरीवर हुतास."

"व्हय."

"बसून हुतास."

"व्हय, आई."

"मास्तर हायेस नव्हं तू?"

मी म्हणालो, "पाळीनं झाड मरत नाही, आई. मी शाळेत शिकवतो ते. घरात बोललो नाही." तो शब्द मी आईसमोर उभ्या आयुष्यात उच्चारला नव्हता. आईनं मान वळवली आणि पदरानं तोंड पुसलं. ती माझ्यावर चिडली होती की स्वतःवर, मला कळलं नाही, आणि ते विचारायची ती वेळ नव्हती.

मी सुनेकडं वळलो. ती भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर राग आल्यासारखा होता आणि तो यायलाच हवा होता.

"मामा, राहू द्या आता," ती म्हणाली. "सणाचा दिवस आहे."

"राहू द्यायचं नाही," मी म्हणालो. "तू मला सांगून गेली होतीस, फवारू नका. मी ऐकलं नाही. झाकण उघडलं तेव्हा वास आला होता, तरी मारलं. तू आलीस तेव्हा मला माहीत होतं आणि मी थंडीवर ढकललं. तू येऊन विचारलंस, तेव्हाही सांगितलं नाही. आजीचं मन जपायचं म्हणालो, पण मी माझी अब्रू जपत होतो."

ती खाली बघत होती. मी हात जोडले. ती एकदम पुढं आली आणि माझे जोडलेले हात धरायला गेली, "असं नका करू, मामा, मोठे आहात तुम्ही," म्हणत. मी हात सोडले नाहीत.

"तुझ्या हातात कधीच काही खोट नव्हती," मी म्हणालो. "खोट माझ्यात होती. इतके महिने मी ती तुला वागवायला लावली. मला माफ कर, पोरी."